बंद म्हणजे चालू

"त्यात काय आहे? चार तारा आणि दोन बटणं," असं मास्तर साहेबांना म्हणाले आणि तिथेच फसले.

खरं तर मास्तर अशी वाक्यं बोलणाऱ्यांतले नव्हते. रेडिओ केंद्रात अभियंता म्हणून उभं आयुष्य काढूनही त्यांचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत क्वचितच पोचायचा. कुणी साधी वेळ विचारली तरी आधी घड्याळ थोडं मागे असल्याची कल्पना द्यायची, मग ते का मागे पडतं ते सांगायचं आणि शेवटी वेळ, अशी त्यांची पद्धत. म्हणून त्यांना मास्तर हे नाव पडलं होतं. पण त्या दिवशी साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, एका कंपनीच्या माणसाला घेऊन स्टुडिओत उभे होते. नवा कन्सोल नुकताच खोक्यातून निघाला होता. सगळे माइक आणि गाणी वाजवणारी यंत्रं ज्या मोठ्या टेबलात येऊन मिळतात, आणि कुठला आवाज बाहेर जाणार नि कुठला नाही हे ज्याच्या बटणांवर ठरतं, तो कन्सोल. कंपनीचा माणूस घोडा विकायला आणल्यासारखा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. जोडणीचं काम नाजूक आहे, तुमच्या माणसांना झेपायचं नाही, असं तो म्हणाला. 'तुमची माणसं' म्हणताना त्याने मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. मास्तर ज्या स्टुलाला टेकून उभे होते, त्या स्टुलाकडे पाहिलं.

मास्तरांच्या तोंडून ते वाक्य निसटलं ते तेव्हा.

साहेबांनी एका दमात सगळं ठरवून टाकलं. जोडणी मास्तर करतील. सोमवारी सकाळचा गाण्यांचा कार्यक्रम नव्या कन्सोलवरून जाईल आणि साहेब तो घरी नाश्ता करता करता ऐकतील. नीट गेला, तर स्टुडिओ मास्तरांच्या ताब्यात. गडबड झाली, तर स्टुडिओ कंपनीच्या ताब्यात आणि मास्तर तळघरातल्या भांडारात, जुन्या केबली गुंडाळत, थेट निवृत्तीपर्यंत.

घरी आल्यावर मास्तरांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ते सगळं ठीक आहे, पण टेबलाखाली शिरणार कोण? मागच्या वेळी पलंगाखालची चप्पल काढायला वाकलात, तर शेजाऱ्यांना बोलवावं लागलं होतं. मास्तरांना यावर उत्तर सुचेपर्यंत तिने बहिणीला फोन लावून मेव्हण्याला मागूनही घेतलं होतं.

अशा रीतीने साडूभाऊ आले. साडूभाऊंनी निम्म्या गावातल्या इमारतींना वायरिंग केलं होतं आणि उरलेल्या निम्म्या गावातलं वायरिंग कसं चुकलंय हे ते सांगत असत. त्यांची बायको म्हणजे मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण. ती याच केंद्रावर निवेदिका होती आणि सकाळचा कार्यक्रम तिचाच. तिला सगळं गाव ताई म्हणायचं, मास्तरही म्हणायचे, आणि घरात साडूभाऊही चुकून म्हणून जात. थोडक्यात, त्या सोमवारी मास्तरांची नोकरीतली अब्रू आणि सासुरवाडीतली अब्रू एकाच बोर्डावर जोडलेली होती.

काम ऐकायला सोपं होतं. ताई बसतात ती खोली अलीकडे, कन्सोल काचेच्या पलीकडे दुसऱ्या खोलीत. ताईंच्या टेबलावर एक छोटी पेटी बसवायची, तिच्यावर दोन बटणं. पहिलं दाबलं की पलीकडचा कन्सोल ताईंचा माइक चालू करणार, पुन्हा दाबलं की घालवणार. दुसरं दाबलं की पुढचं गाणं लागणार. आणि माइक चालू आहे हे सगळ्यांना कळावं, म्हणून त्याच वेळी भिंतीवरचा लाल दिवा पेटणार. पण यातलं काहीच आपोआप होत नाही. कुठल्या बटणाने काय व्हावं हे तारा जोडून आणि आकडे भरून कन्सोलला शिकवावं लागतं. ते कसं शिकवायचं याचं एक जाडजूड पुस्तक कन्सोलबरोबर आलं होतं. मास्तरांना पुस्तक म्हटलं की वेड. ते प्रस्तावनेपासून सुरुवात करत, तळटिपा सोडत नसत आणि आवडलेली वाक्यं दोनदा वाचत. त्यामुळे रविवारी संध्याकाळपर्यंत ते पुस्तकाच्या बरोबर मध्यावर पोचले होते.

साडूभाऊ टेबलाखाली उताणे पडले होते आणि मास्तर पुस्तकातून वाचून दाखवत होते. विद्युतशास्त्र मास्तर शुद्ध मराठी क्रमिक पुस्तकांतून शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ते म्हणाले, "माइक उघडला की दिव्याचा संपर्क बंद झाला पाहिजे."

घोटाळा झाला तो इथे. शास्त्राच्या पुस्तकात संपर्क बंद होतो, म्हणजे तारेची दोन टोकं एकमेकांना चिकटतात, वीज वाहते आणि दिवा लागतो. संपर्क उघडा, तर दिवा विझलेला. पण साडूभाऊ पुस्तकातून शिकले नव्हते. ते लोकांच्या घरांतून शिकले होते, आणि लोकांच्या घरांत 'दिवा बंद कर' म्हटल्यावर काय करतात हे जगाला ठाऊक आहे. साडूभाऊंना ते पटलंही. लाल म्हणजे थांबा, लाल गेला की बोला. रस्त्यावरचा सिग्नल काय वेगळं सांगतो? त्यांनी त्याप्रमाणे चोख जोडणी केली. माइक चालू, की दिवा बंद.

मग मास्तर चाचणी घ्यायला पलीकडच्या खोलीत गेले आणि उघड्या दारातून त्यांनी विचारलं, "बटण दाबा. बंद झाला?"

"बंद झाला," टेबलाखालून आवाज आला.

"पुन्हा दाबा. आता उघडला?"

"उघडाच आहे," साडूभाऊ म्हणाले. "पेटीला झाकण कुठे लावलंय अजून?"

मास्तरांनी समाधानाने पुस्तकात खूण घातली आणि दोघे घरी गेले.

सोमवारी ताई स्टुडिओत आल्या तेव्हा लाल दिवा आधीच जळत होता. दिवा दिसताच त्यांनी पर्स जमिनीवर सोडली, खुर्ची ओढली आणि त्यांच्या आवाजात मध उतरला. लाल दिवा लागला की तो उतरायचाच. विझला, की तोच आवाज थेट भाजीवाल्याशी घासाघीस करायला निघायचा. "नमस्कार श्रोतेहो," त्या म्हणाल्या, "आजची ही प्रसन्न सकाळ आपल्या प्रत्येकाच्या मनात..." आणि सकाळीने श्रोत्यांच्या मनात काय काय करावं हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. मग पहिलं बटण दाबलं. दिवा विझला. दुसरं दाबलं. गाणं लागलं.

मास्तर त्यांच्या शेजारीच बसले होते. नव्या पेटीशी माझं एकटीचं जमायचं नाही, अशी ताईंची अट होती. दिवा लागतोय, विझतोय, गाणी लागतायत हे बघून मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. साडूभाऊही पान्हा पुसत येऊन बसले. ताईंनी डब्यातली बिस्किटं काढली. विझलेल्या दिव्याखाली माणसं जशी बोलतात तशी तिघं बोलू लागली.

ताई म्हणाल्या, हे गाणं साहेबांच्या आवडीचं म्हणून लावावं लागतं, एरवी कोण ऐकतंय. गायक गातोय की दात काढून घेतोय तेच कळत नाही. साडूभाऊंनी साहेबांच्या घरचं वायरिंग कसं मूर्खासारखं केलेलं आहे ते सविस्तर सांगितलं. आणि मास्तर, जे जन्मात कुणाबद्दल वावगं बोलले नव्हते, ते सुखाच्या भरात म्हणाले, "साहेबांना काय कळणार आहे? त्यांना आवाजाचं बटण आणि शर्टाचं बटण सारखंच. आणि खरं सांगू का, ते पुस्तक मी निम्मंच वाचलंय."

तिघंही पोट धरून हसली. मास्तरांना वाटलं, आपण उगाच आयुष्यभर गप्प बसलो.

त्याच आनंदात ते पलीकडच्या खोलीत कन्सोल बघायला गेले. कन्सोलवर ताईंच्या माइकचा वेगळा काटा होता. माइकमधून आवाज बाहेर निघाला की काटा उडतो, नसला की निजून राहतो. काचेपलीकडे लाल दिवा लागला आणि ताई बोलू लागल्या. ओठ हलत होते, मान डोलत होती, हातही चालला होता. काटा गाढ झोपला होता. मास्तरांनी त्याला टिचकी मारली. काटा हलला नाही. इतक्यात दिवा विझला, ताईंनी बिस्किटाचा तुकडा मोडला, आणि काटा दचकून उभा राहिला.

मास्तरांनी हेडफोन कानाला लावला. गाण्याच्या मागे बिस्किट कुरकुरत होतं. मग चहाचा घोट. मग साडूभाऊंचा आवाज, साहेबांच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल.

मास्तर खुर्चीत बसले. म्हणजे बिस्किट बाहेर गेलं होतं, दात काढणं बाहेर गेलं होतं आणि शर्टाचं बटणही बाहेर गेलं होतं. त्यांनी कन्सोलवरूनच माइक घालवायला बटण दाबलं. कन्सोल ढिम्म. माइकवरचा सगळा हुकूम त्यांनी स्वतःच काल ताईंच्या पेटीला देऊन टाकला होता. तो परत कसा घ्यायचा हे पुस्तकाच्या दुसऱ्या निम्म्यात होतं.

आता एकच उपाय होता. ताईंना जाऊन सांगायचं, की लाल असेल तेव्हा गप्प बसा आणि लाल नसेल तेव्हा बोला. पण दिवा विझलेला असताना आत जाऊन बोलायचं, तर तेही गावाने ऐकायचं. म्हणून मास्तर दिवा लागायची वाट बघत दाराशी उभे राहिले. तो लागल्याबरोबर आत शिरले आणि म्हणाले, "ताई, माइक..."

ताईंनी जे डोळे वटारले, ते बघून साडूभाऊ सवयीने उभे राहिले. लाल दिव्यात बोलणारा माणूस ताईंनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. एक बोट ओठांवर ठेवून, दुसऱ्या हाताने मास्तरांना मागे सारत त्या मधाळ आवाजात निजलेल्या माइकशी बोलत राहिल्या. मास्तर पुन्हा म्हणाले, "अहो, ऐकू जात नाहीये." ताईंनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला. मास्तर दाराशी सरकले.

मग ताईंनी बटणं दाबली. दिवा विझला, गाणं लागलं, आणि त्या कडाडल्या, "काय हो मास्तर, अक्कल गहाण टाकलीत का? लाल दिव्यात तोंड उघडता?"

मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

"आता बोला ना, आता काय दातखीळ बसली?"

मास्तरांनी नुसती मान हलवली. माइककडे बोट केलं, कानाकडे केलं, आभाळाकडे केलं. साडूभाऊंनी मोठ्या आवाजात निदान केलं, की याला झटका बसलाय, मी एका गिरणीत असा माणूस बघितला होता. ताई म्हणाल्या, माझ्या बहिणीच्या नशिबी हेच होतं, मी तेव्हाच आईला म्हणाले होते. लग्नाआधी ताई आईला काय म्हणाल्या होत्या हे मास्तरांना आजवर ठाऊक नव्हतं. आता ते त्यांना गावाबरोबरच कळलं.

पुढचं सारं असंच चाललं. लाल असताना ताई ऐकेनात आणि लाल नसताना मास्तर बोलेनात. शेवटी मास्तरांनी एक कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दिवा उलटा आहे.'

ताईंनी तो वाचला. भिंतीवरच्या दिव्याकडे बारकाईने पाहिलं. "असेल," त्या म्हणाल्या. "अहो, जरा सरळ करा तो."

साडूभाऊ खुर्ची घेऊन चढले. दिवा विझलेलाच होता, त्यामुळे खुर्ची सरकल्याचा आवाज, स्क्रू, साडूभाऊंचं कण्हणं, "डावीकडे, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे" ही ताईंची देखरेख आणि शेवटी पान्हा पडल्याचा दणका, हे सगळं एका अतिशय हळव्या विरहगीताला साथ करत गेलं. खाली उतरून साडूभाऊंनी एक डोळा मिटून बघितलं आणि आता ओळंब्यात आहे, असा निर्वाळा दिला.

मास्तर भिंतीला टेकून जमिनीवर बसले. भांडारात केबली गुंडाळायचं काम तसं शांत असतं, असा विचार त्यांच्या मनात आला. तिथे दिवाही एकच आहे.

कार्यक्रम संपतो न संपतो तोच खाली गाडीचं दार वाजलं. मास्तरांनी ते दार ओळखलं. साहेब जिना चढत होते. मास्तर उठले, शर्ट नीट केला आणि शर्टाच्या बटणाला हात लागताच तो विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. एवढं होईतो त्यांनी माफीची तीन वाक्यं मनाशी जुळवली होती, तळटिपांसकट.

साहेब आत आले. मास्तरांच्या समोर उभे राहिले. आणि त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला.

"मास्तर, मानलं तुम्हाला," साहेब म्हणाले. "इतका स्वच्छ कार्यक्रम या केंद्रावरून आजवर गेलेला नाही. एक खरखर नाही, एक अडखळ नाही. आणि ताई, तुमचे तर विशेष आभार. आज तुम्ही गाण्यांच्या मध्ये अजिबात बोलला नाहीत. किती बरं वाटलं म्हणून सांगू."

स्टुडिओत अशी शांतता पसरली, की माइक चालू असता तरी काटा हलला नसता.

कंपनीच्या माणसाला मी कळवून टाकतो, स्टुडिओ तुमच्याकडेच, असं म्हणून साहेब मास्तरांच्या पाठीवर थाप मारून निघूनही गेले. तिघं एकमेकांकडे बघत राहिली. ताई तर पूर्ण वेळ बोलल्या होत्या. लाल दिव्यातलं गेलं नसेल, एक वेळ कबूल. पण बिनलाल दिव्यातलं कुठे गेलं?

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे टेकडीकर होते. गावाबाहेरच्या टेकडीवर केंद्राचा ट्रान्समीटर आहे. स्टुडिओतला आवाज तारेने तिथे जातो आणि तिथून हवेत सुटतो. तिथल्या यंत्रापाशी बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे टेकडीकरच म्हणत. टेकडीकर शांत माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, कार्यक्रमाची वेळ संपली. आता उघडायचा का?"

"काय उघडायचं?" मास्तरांनी विचारलं.

"संपर्क हो. सकाळी तुम्हीच बजावलंत ना, कार्यक्रमभर स्टुडिओच्या लाइनचा संपर्क बंद ठेवा, एक क्षणही उघडू देऊ नका म्हणून? तसा बंद ठेवलाय. मी म्हटलं, नवीन यंत्र आहे, चाचणी चालली असेल. इथली राखीव गाणी लावून बसलोय मघापासून."

मास्तरांनी सकाळी पुस्तकातलं 'बंद' सांगितलं होतं. टेकडीकर म्हणजे साडूभाऊंच्याच भाषेतला माणूस. त्यांनी बंद म्हणजे बंद केलं होतं. स्टुडिओतला एक शब्द, एक घोट, एक कुरकुर गावात गेली नव्हती. स्टुडिओत कार्यक्रम ऐकायला एक जुना रेडिओ असायचा. तो लावलेला असता, तर हे पहिल्या गाण्यालाच कळलं असतं. पण नव्या कन्सोलला जागा हवी म्हणून साडूभाऊंनी तो कालच तळघरात ठेवला होता.

फोन हातात तसाच धरून मास्तर हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शर्टाचं बटण गेलं नव्हतं. निम्मं पुस्तक गेलं नव्हतं. ताई आईला जे म्हणाल्या होत्या, ते घरच्या घरातच राहिलं होतं.

साडूभाऊंनी टेबलाखाली शिरून दिव्याच्या तारा बदलल्या. मास्तरांनी टेकडीकरांना सांगितलं, की स्टुडिओची लाइन जोडा. इतका साधा शब्द भाषेत पहिल्यापासून पडलेला होता, आणि तो आपल्याला आत्ता सापडावा याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

ताई मात्र अजून तशाच बसून होत्या. "इतकी वर्षं घसा कोरडा केला," त्या म्हणाल्या, "आणि त्या माणसाला मी आवडले कधी, तर गप्प बसल्यावर." साडूभाऊंना यावर काहीतरी बोलायचं होतं. पण ते टेबलाखाली होते, आणि बाहेर यायचा रस्ता ताईंच्या पायांपाशीच होता.

त्या दिवशी मास्तर लवकर घरी गेले. बायकोने चहा ठेवला. त्यांनी खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची ठरवली. कुठून सुरू करावं हे न सुचून त्यांनी सहज विचारलं, "आज कार्यक्रम ऐकलास का?"

"म्हणजे काय? ऐकल्याशिवाय राहीन?" ती कपात साखर ढवळत म्हणाली. "ताई काय गोड बोलली आज. शब्द न् शब्द कानात साठवून ठेवावा असा."

मास्तरांनी कप हातात घेतला. इतकी वर्षं रोज संध्याकाळी ती अशीच, याच आवाजात कार्यक्रमाची तारीफ करत आली होती. त्यांनी तोंड उघडलं, जरा विचार केला आणि बंद केलं.

"हो," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटलं."